वरवंट्याचं बारसं

वरवंट्याला हात लावण्याआधी हातमोजे घाला, असं सांगितल्यावर शेवंताबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

"माय वं! वरवंट्याले मोजा?"

"अक्का, मोजे तुम्ही घालायचेत, त्याने नाही," नायब तहसीलदार मेघा मॅडम म्हणाल्या.

चोपड्याच्या तहसील कचेरीत टेबलावर मखमल, मखमलीवर वरवंटा आणि शेजारी तो घेऊन आलेल्या, इंग्लंडातल्या एका संग्रहालयाच्या बाई. वरवंटा विमानाने आला होता. तो ज्यांचा, ते शेवंताबाईंचे यजमान उखर्डू आबा, ग्रामपंचायतीचे निवृत्त पंप ऑपरेटर, एसटीने आले होते.

सेहेचाळीस साली आबांचं बारसं चालू होतं. रिवाजाप्रमाणे वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून फिरवला. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं. ते मोठ्याने सांगणार, तेवढ्यात दौऱ्यावरचा गोरा साहेब दारात. कुंचीतला दगड त्याला देव वाटला. देव आवडला, म्हणून घेऊन गेला. तेव्हा तशी पद्धत होती.

वरवंटा परत येईपर्यंत नाव उच्चारायचं नाही, असं आत्याने ठरवलं आणि त्याच साली ती तापाने गेली. तोवर चालवायला घरच्यांनी, दृष्टही लागू नये म्हणून, उकिरड्यावरचं 'उखर्डू' ठेवलं. ही तात्पुरती सोय एकोणऐंशी वर्षं चालली. आबांच्या हाताखालचा एकही पंप इतका चालला नाही.

आबांना वरवंटा नको होता, घरी मिक्सर होता. त्यांना नाव हवं होतं.

"मॅडम, साहेबना कागदवर मन्हं नाव शे का?"

बाईंनी वरवंट्यासोबत आणलेला साहेबाच्या नोंदीचा कागद वाचला. मेघा मॅडमनी मराठीत सांगितला. "साहेबाने आत्याला विचारलं, नाव काय? तो देवाचं विचारत होता. आत्याने घाबरून हळूच बाळाचं सांगितलं असणार. म्हणून तिकडे काचेच्या पेटीवर पाटी होती : खानदेशचा बालदेव, रुपचंद."

शेवंताबाईंनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. आता न घ्यायची नावं दोन झाली.

"संग्रहालय माफी मागतंय, आणि नावही परत करतंय," मेघा मॅडम म्हणाल्या. "आबा, गॅझेटमध्ये बदलून टाकू. आजपासून रुपचंद!"

आबांनी ते नाव तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. एकदा. मग पुन्हा. चांगलं होतं.

"नको," ते म्हणाले. "पंप बंद पडे तव्हय बठ्ठं गाव 'उखर्डू' म्हनीसन आरोळ्या मारे. रुपचंदले कोनी हाक मारी नही."

"पण नाव तुमचं आहे ना!"

"व्हतं. ऐंशी वरीस त्यानी वापरं. आते त्यानंच शे."

शेवंताबाईंनी वरवंट्याकडे बोट दाखवलं. "मंग ह्याले घर लई जावानं का नही?"

"चाल ना. काचमा बशी ऱ्हायना इतला दिन. आते चटनी वाटू दे."

बाईंनी काय म्हणाले ते विचारलं. "आबांना आनंद झालाय," मेघा मॅडमनी भाषांतर केलं.

पावती मध्ये कार्बन घातलेल्या तीन प्रतींत होती. सगळ्यात खालची इंग्लंडची. आबांनी चष्मा पुसला, बॉलपेन उभं धरलं आणि सही केली. उखर्डू. मग वरचे दोन कागद उचलून, तिसऱ्यावर नीट उमटलंय ना, ते बघितलं.