माझं शून्य फरशीखाली

सोमवार, सकाळचे सव्वाअकरा. बाल तपासणी केंद्र, तळमजला, मोजमापाची खोली. सुताराने माझे स्क्रू काढले, मला भिंतीपासून सुटी केली आणि सामानाच्या खोलीत नेऊन तोंड भिंतीकडे करून उभी केली. जाताना माझ्या पाठीवर एक कागद चिकटवला : ‘सदोष. वापरू नये.’

मी उंचीपट्टी बोलतेय. आणि त्या कागदावरचा पहिलाच शब्द खोटा आहे.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. बाहेर रोज मुलं येतात, चपला काढल्याचा आवाज येतो, कोणीतरी रडतं, कोणीतरी म्हणतं, “ताठ उभा राहा.” आणि मी इथे, मोडक्या खुर्च्यांच्या मागे. मला पाय असते तर मी कधीच त्या खोलीत जाऊन उभी राहिले असते. माझ्या पायांचीच तर ही सगळी कथा आहे.

मी सागवानी. दोन मीटर उंच, सरळसोट. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने प्रत्येक रेष आधी कोरली आणि मग तिच्यात काळा रंग भरला, म्हणजे पुसली तरी जायची नाही. माझ्या खालच्या कडेवर शून्य, डोक्याशी दोनशे, आणि मध्ये वर-खाली सरकणारी एक आडवी फळी, मुलांच्या डोक्यावर टेकवायला. मला इथे बसवायला तो स्वतः आला होता. ओळंबा लावून त्याने मला स्क्रूंनी भिंतीला जोडलं आणि म्हणाला, “हिचे पाय जमिनीला टेकलेले असू द्या. पुढचं ती बघून घेईल.”

मी बघून घेतलं. वर्षानुवर्षं घेतलं.

उंची मोजणं म्हणजे वाटतं तितकं सोपं काम नाही. दोन वर्षांची पोरं गुडघे वाकवतात. तीन वर्षांची मान वर करून फळीकडेच बघतात. चार वर्षांच्यांना आपण मोठे झालो हे दाखवायचं असतं, म्हणून ती चवड्यांवर उभी राहतात. आणि आया? त्या तर मुलांच्याही वर. एकीने लेकीच्या केसांचा अंबाडा डोक्याच्या मधोमध बांधून आणला होता. सिस्टरने फळी दाबली तर म्हणते कशी, “अहो हळू, केस पण तिचेच आहेत की!”

मूल बुटकं निघालं की खोलीत एक वाक्य हमखास ऐकू यायचं, “आमच्याकडे सगळे उशिराच वाढतात.” मूल उंच निघालं, तर मात्र ते कोणावर गेलं यावरून आई-बापांत जुंपायची.

हे सगळं बघता बघता मी आणखी एक गोष्ट बघत होते. ती एका मुलाची नव्हती, सगळ्यांची होती. मी नवी होते तेव्हा चार वर्षांच्या मुलांची डोकी माझ्या अंगावर जिथे टेकायची, त्याच्या बोटभर वर दहा-बारा वर्षांनी आलेल्या मुलांची टेकू लागली. त्या मुलांची मुलं आली, ती आणखी वर. पिण्याचं पाणी सुधारलं होतं, लसी वेळेवर मिळत होत्या, केंद्रात सकाळी दूध आणि उकडलेलं अंडं मिळायचं. गाव हळूहळू माझ्या अंगावरून वर चढत होतं, आणि ते कोणाच्या भाषणात नव्हतं. माझ्या लाकडावर होतं.

मग ते चढणं थांबलं. कारखाना बंद पडला, घराघरांतली चूल आखडली. केंद्रातलं दूध पातळ झालं, अंडं अर्धं झालं. वर्षामागून वर्ष डोकी त्याच रेषेवर टेकत राहिली आणि नंतर एकेक रेष खाली उतरू लागली. लेक आईच्या त्या वयातल्या उंचीला पोचेना. मी आकडा दाखवत होते. बघणारे बघत होते, वर कळवतही होते. वरून उत्तर आलं ते असं : केंद्राला नवी फरशी मंजूर.

नवी फरशी जुनी न उखडताच तिच्यावर बसवायची ठरली. खाली सिमेंटचा थर, वर चकचकीत लाद्या. मिस्त्री माझ्यापाशी येऊन थांबला. केंद्रप्रमुख डॉक्टर दारात उभे होते.

“साहेब, ही पट्टी काढून घ्या. जमीन वर येतेय.”

“काढली तर परत लावायला सुतार कुठून आणू? उद्घाटन परवावर आलंय.”

“मग ती आत जाईल ना.”

“पट्टीला काय पाय फुटलेत? आहे तिथेच आहे ती. तुम्ही भोवतीने बसवा.”

मिस्त्रीने खांदे उडवले आणि भोवतीने बसवली. माझं शून्य सिमेंटमध्ये गेलं. एक गेला, दोन गेला, दोनच्या पुढचा अर्धा गेला. भिंतीच्या तळाला त्याने लादीची एक उभी पट्टी चिकटवली, तीही माझ्यावरूनच. म्हणजे मी कुठून सुरू होते हे झाकलंच गेलं. आणि तसंही, माणसं माझ्याकडे बघतात ती वरच्या टोकाकडे. डोकं कुठे टेकलं ते बघतात. मी उभी कुठे आहे, हे बघायला कोण वाकतो?

त्यानंतर काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. जमीन अडीच सेंटीमीटर वर आली, मी जागच्या जागी. मुलं नव्या जमिनीवर उभी राहिली आणि प्रत्येक मूल अडीच सेंटीमीटरने ‘वाढलं’.

वर्षाचा अहवाल गेला. गावातल्या मुलांच्या उंचीत विक्रमी वाढ! फाटकावर फलक लागला, हार आले, केंद्रप्रमुखांचा फोटो छापून आला. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की ज्या गावात दूध पातळ झालं, तिथली पोरं एका उन्हाळ्यात सरसकट, एकाच मापाने कशी उंच झाली? विचारायचं कशाला? आकडा सोयीचा होता. आणि त्याच अहवालाच्या जोरावर पुढचा हुकूम आला : मुलांची वाढ समाधानकारक असल्याने दूध व अंडी बंद.

सिमेंटमध्ये पाय रुतलेली मी तिथेच उभी. ओरडावंसं वाटायचं, पण लाकूड फार तर करकरतं. पावसाळ्यात मी करकरले, तर सिस्टरने तेल सोडलं.

अशात बटण आली.

बटण म्हणजे एका बस डेपोतल्या तिकीटतपासनीस बाईंची लेक. लहानखुरी म्हणून बापाने ठेवलेलं नाव. तिची आईही लहानपणी माझ्यापाशी उभी राहिलेली, आणि चार वर्षांची असताना लेकीपेक्षा चांगली चार बोटं वर टेकलेली. बटण तीन वर्षांची होती तेव्हा जुन्या फरशीवर नव्वद भरली होती. आता चार पूर्ण झाल्यावर सिस्टरने फळी टेकवली आणि म्हणाली, “पंच्याण्णव.”

चार वर्षांच्या मुलीला चौऱ्याण्णववर लाल रेष असते. उंची तिच्या खाली भरली की मूल पुढच्या तपासण्यांसाठी जातं. बटण रेषेच्या वर होती. माझ्या अंगावर तरी होती.

आई म्हणाली, “डॉक्टर, वर्षभर हिला तीच चप्पल होतेय. पोट सारखं फुगलेलं असतं. काहीतरी बिघडलंय.”

“वर्षात पाच सेंटीमीटर वाढलीय. जरा कमी आहे, पण चालतं. आकडा बोलतो ना, ताई.”

“आकडा बोलतो, मग चप्पल काय मुकी आहे?”

डॉक्टर हसले आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

तीन महिन्यांनी ती परत आली, तेव्हा तिच्या चालण्यातच भांडण होतं. बटणच्या खोकल्यासाठी ती मोठ्या रुग्णालयात गेली होती. तिथे मोजलं, तर त्र्याण्णव. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी नव्वद, मग पंच्याण्णव, आता त्र्याण्णव, हे कसं? तुमच्या केंद्रातून खरा आकडा आणा. वाढ खरंच थांबली असेल तर लगेच तपासण्या करू, एक दिवस घालवायचा नाही.

“कपडा आटतो हो, पोर आटतं का?” आईने केंद्रप्रमुखांना विचारलं.

“त्यांची पट्टी चुकत असेल. आमच्या केंद्राला बक्षीस आहे.”

“बक्षीस पट्टीला आहे का तुम्हाला?”

सिस्टर खोकल्याचं निमित्त करून खिडकीकडे वळली.

“हे बघा, ताई—”

“तुम्ही बघा. लहान मूल वाढतं, मोठं माणूस वाढत नाही. बरोबर? तुमची उंची किती?”

“एकशे सत्तर. का?”

“चपला काढा. उभे राहा.”

दारात दोन आया थांबल्या होत्या. नाही म्हणणं अवघड होतं. डॉक्टर मोजे सावरत माझ्याशी पाठ लावून उभे राहिले, आणि खरं सांगते, त्यांनीही हनुवटी जराशी वर केली. बटणने फर्मान सोडलं, “ताठ. नाक समोर.” सिस्टरने फळी टेकवली. वाचली. पुन्हा वाचली.

“साहेब, एकशे साडेबहात्तर.”

“सकाळी माणूस थोडा उंचच असतो,” डॉक्टर म्हणाले.

“अडीच सेंटीमीटर?” आई म्हणाली. “आज काय नाश्ता केलात?”

सिस्टर खाली बसली. तिने कात्रीचं टोक लादीच्या उभ्या पट्टीमागे घातलं आणि ती उपटली. मी फरशीतून वर आलेली दिसले. पहिला दिसणारा आकडा तीन होता.

बटण वाकून बघत होती. “आई, हिचे पाय कुठे गेले?”

डॉक्टरांकडे बघत आई म्हणाली, “तीन महिने. माझ्या लेकीचे तीन महिने गेले.”

त्याच दुपारी ती बटणला घेऊन मोठ्या रुग्णालयात गेली. आतड्याचा आजार निघाला. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. आता औषध आणि पथ्य चालू आहे, आणि सिस्टर सांगत होती की बटणला नवी चप्पल घ्यावी लागली. राहिलेली उंची सगळी भरून निघेल का, हे डॉक्टरीणबाई छातीठोकपणे सांगत नाहीत.

केंद्राने काय केलं? चौकशी केली. चौकशीत ठरलं की पट्टी जुनी झाल्यामुळे सदोष झाली. मी! माझी एक रेष केसभरही सरकलेली नाही. सिमेंट फोडून काढलेले माझे पायही शाबूत आहेत; हवं तर आत्ता मला सपाट जमिनीवर उभी करा आणि कोणाचीही उंची मोजा. जमीन वर चढवणारे, शून्य गाडणारे, त्या आकड्यावर हार घालून घेणारे सगळे आपापल्या खुर्चीत आहेत. नवं यंत्र आलं, त्याच्यापुढे नव्याने फोटो निघाला. दूध-अंडी अजून बंदच आहेत, कारण हुकूम मागे घ्यायचा तर आधी अहवाल चुकला होता असं लिहून द्यावं लागतं.

मला परत लावा असं मी म्हणत नाही. लाकूड आहे मी, माझं काय एवढं. पण लेकराला मोजणाऱ्यांनो, कधीतरी खालीही बघत जा.

आणि एवढं एक कोणीतरी गावात जाऊन सांगा. फरशी बसली त्या दिवसापासून मला भिंतीवरून काढेपर्यंत, ‘वाढ चांगली आहे’ असं सांगून जी मुलं इथून घरी पाठवली, त्यांच्यापैकी एकालाही पुन्हा मोजायला बोलावलेलं नाही.