कडा सर केल्याबद्दल

सोमवारी सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा मृणालिनी जागीच होती. तिने पिंप भरलं, एका शेगडीवर चहा ठेवला, दुसरीवर दोडक्याची भाजी फोडणीला टाकली. आत्माराम वर्तमानपत्र घेऊन बसला होता. इशिता शाळेचा एक मोजा शोधत घरभर फिरत होती. सगळं रोजच्यासारखंच होतं, फक्त कणीक मळता येत नव्हती. बोटांची टोकं सोलवटली होती आणि पिठातलं मीठ त्यांना झोंबत होतं. शेवटी आत्मारामनेच परात ओढून घेतली.

"कडा चढून आलेल्या बाईंनी आज आराम करावा," तो म्हणाला.

तिने त्याला दुरुस्त केलं नाही. काल घरी आल्यावर ती फक्त 'झालं एकदाचं' एवढंच म्हणाली होती.

डबा घेऊन ती खाली उतरली आणि सोसायटीच्या फाटकापाशी थबकली. कमानीला नवाकोरा बॅनर लागला होता. त्यावर तिचा हळदीकुंकवाचा, नथ घातलेला फोटो होता आणि ठसठशीत अक्षरं: 'उत्तनचा कडा सर केल्याबद्दल सौ. मृणालिनी सुर्वे यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून तिच्या मैत्रिणीचा, संपदाचा फोटो. तोही जवळजवळ तेवढाच मोठा.

"बधाई हो, मॅडम," वॉचमन उठून उभा राहत म्हणाला.

मृणालिनी कडा चढली नव्हती. संपदाच्या आग्रहावरून दोघींनी तीन महिने कृत्रिम भिंतीवर सराव केला होता, आणि काल प्रशिक्षक नीलेश त्यांना उत्तनला खऱ्या खडकावर घेऊन गेला होता. निम्म्याहून अधिक चढल्यावर तिने खाली पाहिलं. मग खडकातून बाहेर आलेल्या एका मुळाला तिने जी मिठी मारली, ती काही केल्या सुटेना.

"ताई, हात सोडा. दोर मी धरलाय, पडणार नाही तुम्ही," नीलेश खालून ओरडत होता.

"मला वर जायचं नाही आणि खालीही यायचं नाही," तिने डोळे मिटूनच जाहीर केलं.

पायथ्याच्या सपाटीवर कोळणी जवळा वाळत घालत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "बाय, तिथंच ऱ्हानार हाय का? जेवान पाठवू वर?"

अखेर दोर संपदाच्या हाती देऊन नीलेश शेजारून वर चढला आणि लहान मुलाच्या मुठीतून खेळणं सोडवावं तशी त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली. दोरावर झुलत खाली येताना तिला पाय टेकवायचं सुचलंच नाही. ती थेट पसरलेल्या जवळ्यावर जाऊन बसली. कोळणी रागावल्या नाहीत, हसल्या. आणि तेच जास्त लागलं. परतताना रिक्षावाल्याने नाकाला रुमाल लावला होता.

तिने फाटकाबाहेरूनच संपदाला फोन लावला.

"अय्या, लागला का? शनिवारीच ऑर्डर दिली होती गं," संपदा म्हणाली. "कालच्या गडबडीत रद्द करायचं राहून गेलं. तू चढणार हे मी धरूनच चालले होते."

"मी चढले नाही, संपदा."

"ते तुला माहीत, मला माहीत आणि नीलेशला."

"आणि त्या जवळ्याला."

"जवळा बोलायला येतोय का इथं? चार दिवस गप्प बस. कुठल्यातरी दादांचा वाढदिवस येईल, त्यांचा बॅनर लागेल, तुझा आपोआप झाकला जाईल. आत्ता काढलास तर खाली नाव माझं आहे, हसं माझं होईल."

मृणालिनी दिवसभर गप्प राहिली. लिफ्टमध्ये दोघांनी हात मिळवला, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पेढा दिला. संध्याकाळी इशिता बॅनरचा फोटो मैत्रिणींना पाठवत होती. पाठवता पाठवता तिने सहज विचारलं, "आई, वरून समुद्र कसा दिसतो गं?"

मृणालिनीने हातातली विळी बाजूला ठेवली.

"मला माहीत नाही. मी वर गेलेच नाही."

आत्मारामने वर्तमानपत्र खाली घेतलं. इशिताने मोबाइल उलटा ठेवला. "मग आता?"

मृणालिनीने नीलेशला फोन केला. "रविवारी मोकळा आहेस?"

"पुन्हा, ताई?"

"पुन्हा."

त्या आठवड्यात जो कोणी अभिनंदन करी, त्याला ती शांतपणे सांगे, "अजून व्हायचंय." काही हसले, काहींना तो विनय वाटला. ती मात्र रोज रात्री बोटांना खोबरेल तेल चोळत राहिली.

रविवारी सकाळी ती कात्री घेऊन खाली उतरली आणि वॉचमनच्या स्टुलावर चढली. संपदा तिच्या मागोमाग आली होती. तिने एकदा स्वतःच्या फोटोकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे, आणि मग खाली वाकून स्टूल घट्ट धरलं.

"धडपडू नकोस," ती पुटपुटली. "इथं जवळा नाहीये."

उत्तनला पोचल्यावर पहिली हाक सपाटीवरून आली, "जावला उचला गो, बाय आली!" मृणालिनीही हसली. दोराला माती लागू नये म्हणून खडकाच्या पायथ्याशी काहीतरी अंथरावं लागतं. तिने पिशवीतून बॅनर काढला, अक्षरं जमिनीकडे करून पसरला आणि नीलेशने त्यावर दोर सोडला. त्याने तिची गाठ तपासली. संपदाने मोबाइल बाहेर काढला, थोडा विचार केला आणि परत पर्समध्ये टाकला.

मृणालिनी चढू लागली. मूळ होतं तिथंच होतं, तिच्या मिठीने सोललेलं. या वेळी तिने त्याला हात लावला नाही. त्याच्या वरची खाच चाचपली, बोटं आत रोवली आणि पाय उचलला.