बिस्किटाच्या डब्यातल्या गोळ्या

पिपरी मेघे गावच्या आनंदाबाईला काही वाया गेलेलं खपत नसे. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, की दोन दिवसांत बरं वाटून ती उरलेल्या गोळ्या बिस्किटाच्या डब्यात टाकायची. घरातला भुऱ्या कुत्रा कान खाजवू लागला, की डब्यातली हाताला लागेल ती गोळी गुळात दाबून त्याला चारायची. कोणी टोकलंच, तर फणकारायची, "मले लागू पडते, मंग त्याले काऊन नाई पडणार?"

यंदा भुऱ्याचा कान वाहायचा थांबेना. तो पुसता पुसता आनंदाबाईच्या बोटाला नखुरडं झालं. डॉक्टरांनी दोघांचाही पू तपासायला लावला, तर दोन्हीकडे एकच जंतू निघाला.

"बाई, या जंतूनं तुमचा अख्खा डबा पाठ केलाय," डब्याची हकीकत ऐकून डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले. "आता याच्यावर चालेल असं एकच औषध उरलंय. सातही दिवस घ्या."

चौथ्या दिवशी बोट बरं झालं. आनंदाबाईनं इकडेतिकडे बघत उरलेल्या गोळ्या हळूच डब्यात सरकवल्या.

मागून तिचा नवरा किसनराव म्हणाला, "ठेव, सांभाळून ठेव. जंतूचं तेवढंच पाठ व्हायचं राह्यलं हाय."