जोडीची गोळी

"दुसरी गोळी कोणी दिली?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच घेतली," सासूबाई इस्पितळातल्या खाटेवरून म्हणाल्या. "शेजारणीची होती."

सून पायथ्याशी उभी होती. मेडिकलच्या काउंटरवर तिची उभी हयात गेलेली. सूज उतरवणाऱ्या दोन गोळ्या एकत्र घेऊ नका, पोटात रक्तस्राव होतो, हे ती गिऱ्हाइकांना दटावून सांगायची. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान! डॉक्टरांच्या गोळीने सासूबाईंच्या बोटांची सूज उतरेना, तेव्हा तिने दुकानातली दुसरी जोडीला दिली. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतःची वेणी स्वतः घातली आणि इमारतभर सांगत सुटल्या, "डॉक्टरला जमलं नाही ते माझ्या सुनेनं केलं!" ते कौतुक तिला फार गोड लागलं. गोळी बंद करायचं तिच्या मनात रोज यायचं, आणि रोज ती उद्यावर ढकलायची. आज सकाळी सासूबाईंना शौचाला काळं झालं आणि त्या न्हाणीघरातच कोसळल्या.

"गोळीचं नाव काय?" डॉक्टर म्हणाले. "मला कळायलाच हवं."

"आता या वयात नावं कुठली लक्षात राहायला?" सासूबाई म्हणाल्या, आणि सुनेकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली. गप्प राहा.

सून खाटेपाशी पुढे सरकली. मग तिने गोळीचं नाव सांगितलं, किती ताकदीची तेही सांगितलं. "मी दिली. मेडिकलमध्ये असते मी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं लिहून घेतलं आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"कशाला बोललीस गं?" सासूबाई कुजबुजल्या. "मी निभावून नेलं असतं की."

"आई, नका ना..."

तेवढ्यात नर्स आली. "आजी, तोंड उघडा. दुखण्यावरची साधी गोळी आहे, पोटाला त्रास नाही व्हायचा."

सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले. नर्सचा हात बाजूला सारून त्यांनी सुनेला जवळ बोलावलं.

"तू बघ आधी," त्या म्हणाल्या. "तू म्हणशील तरच घेईन."

नर्सने गोळी सुनेच्या तळहातावर ठेवली. तिला मान वर करता येईना.