मरळ हाताला कशी लागते

“आनि हाताला कशी लागली?” बाबल्याने फोनवर विचारलं आणि श्याम बर्वे अडखळले.

तोपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. दर गुरुवारी दुपारी चारला नालासोपाऱ्याहून बाबल्याचा फोन यायचा, आणि शिमगा झाल्यापासून बर्वे दर गुरुवारी त्याला एक नवी मरळ पकडल्याचं सांगत होते. पहिली पाऊण किलोची होती. नंतरची दीडची. आज सव्वादोनपर्यंत मजल गेली होती. ती शेवाळाखालून कशी आली, दोरा कसा ताणला गेला, काठावर घेतल्यावर आपण स्वतःच्या हाताने गळ कसा सोडवला, हे सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. खरं म्हणजे दिवाळीपासून ते तलावाकडे फिरकलेही नव्हते.

“लागायची कशी? माशासारखी,” ते म्हणाले.

“व्हय.” दिवाळीत लकवा आला तेव्हापासून बाबल्याची जीभ जड झाली होती. एकेक शब्द तो शोधून आणायचा. “नाय, माजा उजवा हात आता काय कळवीत नाय. सून गरम पानी ओतते, तरी नाय. आदी कशी लागायची ती पन आठवना झालीय. म्हून इचारला. म्हटला, शामभाव सांगतील.”

बर्व्यांनी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. पुढच्या गुरुवारी नीट सांगतो म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर गॅलरीत बराच वेळ तसेच बसून राहिले, कारण बासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी एकदाही माशाला हात लावलेला नव्हता.

बर्वे एसटीच्या खेड डेपोतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. तीस वर्षं त्यांनी खिडकीत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे ते तालुक्याला सांगितलं. घर कट्टर शाकाहारी, चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर. अशा माणसाला गरवायचा, म्हणजे गळ टाकून मासे धरायचा नाद लागावा हे डेपोत कुणाला पटत नसे. नाद लागला तो अपघाताने. गुरुवारची सुट्टी होती, कानात भोंग्याचा आवाज घुमत होता, म्हणून ते गावाबाहेरच्या पाझर तलावावर जाऊन बसले. शेजारी खालच्या वाडीतला बाबल्या गरवत होता. पाणी पिऊन येतो, जरा काठी धरा, म्हणाला आणि उठला. तो परत येईपर्यंत काठी वाकली होती आणि बर्वे तिला दोन्ही हातांनी धरून देवाचा धावा करत होते. त्या दिवसापासून बर्व्यांचा गुरुवार बाबल्याचा झाला.

कामाची वाटणी आपोआप ठरली. गळ टाकायचा बर्व्यांनी, आमिष लावायचं आणि मासा सोडवायचा बाबल्याने. मासा काठावर आला की बर्वे काठी त्याच्या हातात देत आणि पाठ फिरवून समोरच्या काजूंकडे बघत उभे राहत. मागून काही तडफड ऐकू येई, मग पिशवीची खसफस. “झाला,” असं बाबल्या म्हणाला की वळायचं. मासे बाबल्याच्या घरी जात आणि त्यांच्या गोष्टी बर्व्यांच्या. पत्नी हेमाताई त्या जेवताना ऐकून घेत नसत, म्हणून चहाच्या वेळी सांगाव्या लागत.

बर्वे निवृत्त झाले तेव्हा मुलीने, मनस्विनीने पुण्याहून रिळाची काठी आणि मरळीसाठी एक रबरी बेडूक पाठवला. पाण्यावरून तो ओढत आणला की मरळीला खरा वाटतो. बाबल्याने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, “आमिष पन शाकाहारी आनलाव.” हे वाक्य त्याने पुढे वाडीत प्रत्येकाला ऐकवलं.

दिवाळीनंतर बाबल्याचा मुलगा सागर गाडी घेऊन आला आणि त्याला नालासोपाऱ्याला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं. बर्व्यांना वाटलं होतं, आपण एकटे जाऊन बसू. पण मासा लागला तर सोडवायचा कुणी? या एका प्रश्नापाशी ते सहा महिने अडले होते. आणि तिकडे बाबल्या विचारायचा, मरळी कडेला आल्या असतील ना, बसलाव की नाय? नाही म्हटलं असतं तर त्याचा हिरमोड झाला असता, म्हणून ते थापा मारत राहिले. थापांची त्यांना फार लाज वाटत नव्हती. लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तीस वर्षं हा माणूस आपल्या पाठीमागे बसून मासा सोडवत होता आणि तो कसा धरतो हे आपण एकदाही वळून पाहिलं नाही. आता तो सांगू शकत नाही, आणि आपल्याला ठाऊक नाही.

शुक्रवारी सकाळी बर्व्यांनी काठी काढली आणि स्वयंपाकघरातून सांडशी उचलली. हेमाताईंनी विचारलं, सांडशी कशाला? ते म्हणाले, काम आहे. त्यांनी काठीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि ती सांडशी आता घरात परत यायची नाही, येताना बाजारातून नवी आणा, एवढंच म्हणाल्या.

तलाव चैत्रात जायचा तसा खाली गेला होता. कडेची लाल माती उघडी पडली होती, उथळ पाणी सकाळीच कोमट झालं होतं, आणि काजूच्या बोंडांचा आंबूस वास काठापर्यंत येत होता. मरळी आल्या होत्या. मधूनच एखादी वर येऊन हवा घेऊन जायची तेव्हा पाण्यावर वर्तुळ उठायचं. बर्व्यांनी नेहमीच्या जागी चप्पल काढून ठेवली, मग लक्षात आलं की शेजारची जागा सोडून आपण उगाच अंग चोरून बसलो आहोत. तरी ते तसेच बसले.

बेडूक टाकायचा, थांबायचं, जरा ओढायचा, परत थांबायचं. दोन तास गेले. मरळ लागू नये असंही त्यांना मनातून वाटत होतं, आणि हे वाटणं कुणाला कळणार नव्हतं. इतक्यात शेवाळ फुगलं, बेडूक दिसेनासा झाला आणि काठी वाकली.

काठावर आणेपर्यंतचं काम त्यांना येत होतं. मरळ चांगली हातभर होती, काळपट, सापासारख्या डोक्याची. ती मातीवर आली आणि बर्व्यांनी सवयीने काठी डावीकडे पुढे केली. तिथे घ्यायला कुणी नव्हतं.

मग त्यांनी सांडशी घेतली. सांडशीत मरळ येते असं ज्याला वाटतं त्याने आयुष्यभर फक्त दुधाची पातेली उतरवलेली असतात. चिमटा बसला की ती सुटायची, मातीत लोळायची, परत चिमटा, परत सुटायची. तिच्या अंगावरचे दोन खवले निघालेले दिसले तेव्हा बर्व्यांनी सांडशी दूर फेकली. त्यांनी डोळे मिटले, पण मिटून चालणार नव्हतं. उघडले. हात पाण्यात बुडवला आणि मरळीवर ठेवला.

तिने अंग वळवलं आणि ती बोटांतून निसटली. त्यांनी दात-ओठ खाऊन दाबून धरली, तर आणखी जोरात निसटली. तिसऱ्यांदा त्यांच्यात दाबायचं बळ उरलं नव्हतं. हात नुसताच डोक्यामागे पडला, अंगठा कल्ल्यापाशी राहिला, आणि मरळ शांत झाली. बर्वेही शांत झाले. दुसऱ्या हाताने त्यांनी तिच्या जबड्यातून गळ सोडवला, तिला उचलून उथळ पाण्यात ठेवलं आणि हात काढून घेतला नाही. थोड्या वेळाने ती आपणहून गेली.

गुरुवारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. त्यांनी काठावरूनच डाव्या हाताने नंबर लावला. बाबल्याच्या सुनेने, श्रद्धाने फोन उचलला आणि त्याच्या कानाला लावला.

“बाबल्या, ऐक. मी तुला खोटं सांगत होतो. एकही मरळ धरली नव्हती. आज धरली.”

“ठाव हाय मला,” बाबल्या म्हणाला. “सव्वादोनची त्या तलावात नाय.”

“आधी ऐकून घे. वरून बुळबुळीत असते. शिजलेल्या भेंडीसारखी.”

“भेंडी,” बाबल्या म्हणाला, आणि त्याच्या घशातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला.

“मला दुसरं काय ठाऊक असणार? पण ते वरवरचं रे. आत पाण्यासारखी कोमट नाही, गार आहे. पोटाकडे मऊ, पाठीकडे नुसता जोर. कल्ल्यापाशी अंगठा ठेवला तर तिथे उघडमीट होत असते. आत कुणीतरी आहे असं हाताला कळतं.” मग त्यांनी विचारलं, “तुलाही असंच कळायचं का?”

“व्हय,” बाबल्या म्हणाला. “तशीच. तशीच लागायची.” आणि मग, “आता हाय कुठं ती?”

“सोडली.”

“अरारा,” बाबल्या म्हणाला. पण तो नाराज झालेला वाटला नाही.

पुढे फोनवर नुसता घरातली भांडी वाजल्याचा आवाज येत राहिला. बर्वे कानाला फोन लावून पाण्यात पाय सोडून बसले. हाताला लागलेला चिकटा उन्हात वाळत चालला होता, तो धुवावा असं त्यांना वाटलं नाही. शेवटी श्रद्धाचा आवाज आला.

“काका, काय सांगितलंत तुम्ही त्यांना? बोलत नाहीयेत. फोन बाजूला ठेवलाय आणि उजवा हात मांडीवर घेऊन बसलेत. डाव्या हाताने धरलाय.”

“कसा धरलाय?”

“असा, मनगटाच्या मागे. अंगठा एका बाजूला टेकवून.” ती म्हणाली. “घट्ट नाही पण. सैलच. त्यांना दाबून धरायला सांगू का?”

“नको गो,” बर्वे म्हणाले. “दाबली की निसटते.”