पिवळी शेजारीण

केळीच्या मुळाशी एक पांढरा जिवाणू राहतो. मर रोगाची बुरशी आली की विष सोडून तिला अडवतो. पण एकटा असला की हा राखणदार नुसता पसरून झोपतो. पिवळी जिवाणू-शेजारीण खेटून बसली, त्याच्या तोंडचा घास ओढू लागली, की मगच त्याला रग चढते.

हे एकट्या संघमित्राला ठाऊक होतं. असोद्याच्या लोटन आबांच्या मेलेल्या बागेत एकच खोड हिरवंगार उभं होतं. त्याच्या मुळाची माती तिने धुळ्याच्या प्रयोगशाळेत आणली, त्यातली ही जोडी दोन वर्षं जोपासली.

तिचे मार्गदर्शक गिरधर सर जिवाणू वाढवलेली बशी पाहून हसले होते. "पांढऱ्यात ही पिवळी घाण? स्वच्छतेचं वळण घरातूनच लागतं, संघमित्रा." बाकीचेही हसले. सरांनी पिवळी काढून टाकली, शुद्ध पांढरा नळीत भरला आणि शोधनिबंधावर स्वतःचं एकट्याचं नाव घातलं.

पिवळीचं काम ती सांगू शकत होती. नाही सांगितलं.

सरांनी चोपड्याच्या आपल्या रोगट रानात तोच जिवाणू घालून दोन हजार खोडं लावली. पोटात पोर असावं तशी ती महिने मोजत राहिली.

सहाव्या महिन्यात सरांचा फोन आला. "येऊन बघ गं जरा."

बाग बघायला शेतकरी जमलेले. सरांनी खोड चिरलं. आत मर रोगाच्या तपकिरी रेघा.

"बठ्ठी केयी पिवयी पडनी, माय," मजूर लताबाई पिवळ्या पडलेल्या सगळ्या बागेकडे हात करून म्हणाली. "काही औसद शे का?"

"सरांना विचारा, मावशी. जिवाणू त्यांचा आहे ना."

सर पुटपुटले, "तुझाच आहे तो."

"मोठ्यानं, सर. मागच्यांना ऐकू येत नाही."

सरांनी सांगितलं. माती कुणी आणली, निबंध कुणाचा, सगळं. मान खाली घालून.

"आता तरी सांग, काय राहिलं?"

"घाण राहिली. तुम्ही काढलेली. तिच्याशिवाय हा उठत नाही."

"आहे तुझ्याकडे?"

"आहे. पण आधी लोटन आबा, मग असोद्याच्या चौदा बागा. तुम्ही त्यांच्यामागं."

"तोवर काय उरेल इथं?"

ती बसथांब्याकडे वळली. बसच्या खिडकीतून सरांची पिवळी पानं मागं पडत गेली. तिला एकाचीही कीव आली नाही. लताबाईची मात्र आली, पार धुळ्यापर्यंत.