ढब्बूची पातेली

मी एक जुनी, कडेला पोचा आलेली अ‍ॅल्युमिनियमची पातेली आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव काळजीचा आहे. आच मोठी झाली की मला करपायची धास्ती, आणि घासायला घेतलं की हातातून निसटायची धास्ती.

कारखान्यात पत्र्याची एक चकती यंत्राखाली दाबली गेली आणि माझा जन्म झाला. या घरात मी दूध तापवायला आले. "हिच्यात दूध तळाला लागत नाही," असं आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. ते कौतुक मी बरीच वर्षं पुरवून पुरवून वापरलं. मग एकदा ओट्यावरून पडले, पोचा आला, स्टीलची नवी पातेली आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे माझ्यात गंजके स्क्रू आणि एक बंद पडलेलं घड्याळ ठेवलं होतं. कुणाला माझी आठवण नव्हती, पण खरं सांगू का, तेवढीच वर्षं मी निवांत होते.

मला खाली काढलं ते ढब्बूमुळे. ढब्बू हा घरातला कुत्रा, तपकिरी, आखूड पायांचा. जेवणाचं नाव काढलं की शेपटीबरोबर त्याचं सगळं अंग हलतं. पण तेव्हा तो दिवसभर नुसता खाजवत असायचा. पोटावरचे केस गेलेले, कान लालभडक, पंजे चाटून चाटून ओले. जनावरांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, याला खाण्यातलं काहीतरी सोसत नसावं. ते शोधायचं तर आठ आठवडे त्याने पूर्वी कधी न खाल्लेलं असं एकच खाणं द्यायचं. त्यांनी उकडलेला मासा आणि बटाटा ठरवून दिला. बाकी बिस्किटाचा चुरासुद्धा नाही.

घरातल्या दहा वर्षांच्या नातीने मला माळ्यावरून उतरवलं, राखेने लख्ख घासलं आणि काठाखाली नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. "ही फक्त ढब्बूची. त्याचं हिच्यातच शिजवायचं, आणि हिच्यात दुसऱ्या कुणाचं काही नाही," तिने घरभर बजावलं. मला पुन्हा मान मिळाला, आणि त्याच दिवशी माझी झोप उडाली.

कारण नातीची आई घरी शिवणकाम करायची. ढब्बूचे केस आणि खपल्या लोकांच्या नव्या कपड्यांवर जायच्या. दोन गिऱ्हाइकं तोंडावर बोलून गेली होती. तिने मुलीला समोर बसवून सांगितलं, "आठ आठवडे मी एक शब्द बोलणार नाही. तरी बरा झाला नाही, तर तो मामाच्या लाकडाच्या वखारीत जाईल. तिथे मोकळं आवार आहे."

"मामा साखळीने बांधून ठेवतो," नात म्हणाली.

आई सुईत दोरा ओवत राहिली. ती वाईट नव्हती, मित्रांनो. बिचारी थकली होती.

नात डोळ्यांत तेल घालून राखण करायची. शाळेत जाण्याआधी मासा-बटाटा माझ्यात शिजवून ढब्बूला वाढायची. शेजाऱ्यांना सांगून यायची, याला काही टाकू नका. तरी चार आठवडे झाले, सहा झाले, खाज तसूभर हटेना. तिला कारण सापडत नव्हतं.

मला माहीत होतं.

आजोबा निवृत्त कंपाउंडर. चाळीस वर्षं त्यांनी पोरांना कडू औषधं साखरेच्या पाकातून पाजली. ढब्बूच्या जखमा चिघळू नयेत म्हणून रोज एक गोळी होती, ती देण्याचं काम त्यांचं. सकाळी अकराला नात शाळेत, सून पुढच्या खोलीत मशीनवर. आजोबा फ्रीजमधून कोंबडीचा नखाएवढा तुकडा काढायचे आणि उकडायचे. तोही माझ्यातच, कारण नियम म्हणजे नियम, ढब्बूचं दुसऱ्या भांड्यात शिजवायचं नाही. गोळी त्यात खोचून त्याला भरवायचे आणि मला विसळून जागेवर ठेवायचे.

"आजोबा, तुम्ही ढब्बूला काही खायला देत नाही ना?" नात विचारायची.

"छे गं. गोळीशिवाय मी काही देत नाही," ते सांगायचे. ते खोटं बोलत नव्हते. ज्यातून औषध जातं ते खाणं, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. आणि मी? रोज ढब्बूपुढे कोंबडी जायची ती माझ्याच पोटातून. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पातेली फार तर खडखडते, आणि खडखडली की आच कमी करतात.

आठवा आठवडा संपला. आईने मामाला फोन केला. शेवटचं एकदा दाखवायचं म्हणून सगळे दवाखान्यात निघाले. डॉक्टरबाईंनी त्याची भांडीही मागवली होती, म्हणून मीही पिशवीतून गेले. टेबलावर एका बाजूला थरथरणारा ढब्बू, दुसऱ्या बाजूला मी.

बाईंनी मला उलटंपालटं करून पाहिलं, वास घेतला. मग विचारलं, "गोळी कशी देता?"

"मी देतो ना," आजोबा पुढे झाले. "कोरडी कधीच नाही. कोंबडीच्या तुकड्यात खोचून. एक दिवस चुकवला नाही."

सगळे त्यांच्याकडे वळले. आजोबांनी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि हळूहळू त्यांचाच चेहरा उतरला. "एवढासा तुकडा," ते म्हणाले.

"एवढासाही पुरतो, काका," बाई म्हणाल्या. "आठ आठवडे पुन्हा मोजावे लागतील."

नातीने आईकडे पाहिलं. माझा जीव टांगणीला लागला. आईने ढब्बूच्या उघड्या पोटावरून हात फिरवला. मग म्हणाली, "आठ म्हणजे आठ. आजपासून."

आता गोळी कुस्करलेल्या बटाट्यातून जाऊ लागली. पाचव्या आठवड्यात पोटावर मऊ लव आली. आठव्यात आईने स्वतः त्याला मशीनशेजारी बसू दिलं. मग डॉक्टरबाईंनी सांगितलं, खात्री करायची तर काही दिवस मुद्दाम कोंबडी देऊन पाहायची. आजोबांनी ती शिजवली. रोज थोडी भरवली. तिसऱ्या दिवशी ढब्बूचे कान लाल झाले आणि तो पंजे चाटू लागला.

त्या दुपारी आजोबा त्याचे दोन्ही पंजे हातात धरून जमिनीवर बसून राहिले. "रोज देत होतो रे मी तुला हे," ते म्हणाले. "प्रेमाने देत होतो."

ढब्बूने त्यांचा हात चाटला. कोंबडी तिथेच बंद झाली, आठवड्याभरात तो सावरला आणि मामाला पुन्हा फोन गेला नाही.

मित्रांनो, माझी काळजी काही गेलेली नाही. झाकण उघडलं की अजून धडकी भरते, आत काय पडणार म्हणून. मला विचारता येत नाही. ढब्बूलाही येत नाही, तो बिचारा प्रेमाने दिलेलं सगळं खातो. तुम्हाला विचारता येतं. कुणाच्याही कुत्र्याला घास देण्याआधी तेवढं विचारा.